दोन तटस्थ रंगांची मिसल

आमच्या कंधारात ‘तटस्थ’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. ज्या पंडितांनी तो प्रथम घडविला त्यांच्या डोळ्यांपुढे एखादी भरलेली नदी असावी, आणि तिच्या प्रवाहात गटांगळ्या खाणाऱ्यांकडे काठावरून, धोतराचा सोगा कोरडा ठेवून, पाहत राहिलेला कोणी सज्जन असावा. काठावर उभा तो तटस्थ, इतका तो अर्थ सरळ आहे. परंतु आमची मन्याड नदी वर्षातले कित्येक महिने अशा अवस्थेत असते की, तिच्या काठावर उभे राहणे आणि तिच्या पात्रात उभे राहणे यांत धोतराच्या दृष्टीने काहीएक भेद उरत नाही. कंधारात तट म्हणजे किल्ल्याचा तट. ज्याच्या उभारणीचे श्रेय दहाव्या शतकातील राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण यास दिले जाते, त्या भुईकोट किल्ल्याचा, पाण्याने भरलेल्या रुंद खंदकामागे काळ्या दगडात उभा असलेला हा तट; आणि त्यावर जो उभा राहील तो व्युत्पत्तीने कितीही तटस्थ असला तरी शत्रूच्या तोफेचा पहिला गोळा त्याच्याच वाट्यास यावयाचा. हे सर्व मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही गेल्या वर्षी, घर रंगविण्याची गोष्ट निघाली तेव्हा, ‘रंग आपण तटस्थच घेऊ, म्हणजे वाद नको’ असे उद्गार माझ्या मुखातून निघून गेले, आणि त्या क्षणी मी आपण होऊन तटावर चढलो.

मी तहसील कचेरीच्या दप्तरात हयात घालविलेला मनुष्य आहे. अर्ज, कैफियत, जबाब, पंचनामा, तजवीज आणि फैसला या क्रमाने चालले तर जगातील कोणतेही प्रकरण निकालात निघते, आणि न निघाले तरी निदान नीट बांधून फळीवर ठेवता येते, अशी माझी निष्ठा असल्यामुळे या रंगाच्या प्रकरणाचीही मी रीतसर एक मिसल केली. मिसल म्हणजे एका प्रकरणाचे सर्व कागद एकत्र बांधलेले बाड. हल्लीच्या तरुण कारकुनास ‘मिसल आण’ म्हटले तर तो ‘पाव किती आणू?’ असे विचारील, म्हणून हा खुलासा करावा लागला.

प्रकरणाची हकीकत अशी. आमच्याकडे घटस्थापनेपूर्वी ‘दसरा काढतात’. म्हणजे घरातील झाडून साऱ्या गोधड्या, सतरंज्या आणि माळ्यावरची भांडी बाहेर निघतात, धुतली जातात, वाळतात, आणि वर्षभर हरवलेल्या वस्तू ज्या जागी कोणीच ठेवल्या नव्हत्या त्या जागी सापडतात. पुण्यास नोकरीला असलेले आमचे चिरंजीव त्या सुमारास सहकुटुंब आले, आणि ‘यंदा दसरा काढायचाच आहे तर भिंतींचाही काढू’ असे म्हणून त्यांनी रंगांच्या नमुन्यांचे एक पुस्तक माझ्यापुढे ठेवले. ते पुस्तक मी सायंकाळपर्यंत वाचले. वाचले म्हणण्याचे कारण, त्यात रंगांपेक्षा नावेच अधिक होती, आणि ती सारी इंग्रजी असल्यामुळे ती मोठ्याने उच्चारताना आपण भिंतीला काही लावणार नसून एखाद्या विलायती मिठाईवाल्याकडे बसलो आहोत असा भास होत होता. लाल रंग बिचारा एका पानात आटोपला होता. हिरव्याने दोन पाने घेतली होती. परंतु पांढऱ्याचे मात्र शंभर कौरव, आणि त्यांतल्या एकाचे तोंड दुसऱ्यापासून ओळखू येईल तर शपथ. मला मराठीत पांढरा, धुवट, भुरा, करडा, मातकट आणि मळकट एवढी नावे ठाऊक. त्यांतले शेवटचे तर रंगाचे नाव नसून भांडणाचे कारण आहे.

दोन दिवसांच्या चाळणीनंतर त्या शंभरांपैकी दोन चौकोन उरले. पहिला होता किंचित पिवळसर, म्हशीचे दूध तापवून झाकून ठेवल्यावर त्यावर धरणाऱ्या सायीसारखा. त्याच्या बाजूने आमच्या सौभाग्यवती उभ्या राहिल्या. दुसरा होता किंचित निळसर काळपटाकडे झुकणारा, रात्री विझलेल्या गोवरीच्या राखेवर पहाटे जी एक मऊ छटा असते तसा; त्याच्या बाजूने चिरंजीव. मिसलीत नोंद करताना मी सोयीसाठी पहिल्यास ‘साय’ आणि दुसऱ्यास ‘राख’ असे लिहिले, तो चिरंजीवांनी लेखी हरकत घेतली की, एका पक्षकाराचे नाव साय आणि दुसऱ्याचे राख ठेवणे म्हणजे सुनावणीपूर्वीच फैसला देणे होय; जिला आई साय म्हणते ती वस्तुतः पोलिसाची खाकी आहे, फक्त तीत पाणी फार घातले आहे. हरकत सकृद्दर्शनी रास्त वाटल्यावरून मी कोश काढला. ‘खाक’ हा शब्द फारसी, त्याचा मूळ अर्थ माती, आणि मातीच्या रंगाचा तो खाकी. येथवर ठीक होते. पण आपल्या मराठीने तो शब्द घेताना त्याची मातीही ठेवली नाही. घराला आग लागली की आपण ‘जळून खाक झाले’ म्हणतो, आणि शेजारी तेच ‘जळून राख झाले’ म्हणून सांगतो. दोघेही एकाच ढिगाकडे बोट दाखवीत असतात. तेव्हा माझ्या घरात जे दोन पक्ष एकमेकांशी बोलेनासे झाले होते त्यांच्यात, कोश साक्षीस ठेवून पाहता, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत तर्जुमा करण्याइतकेच अंतर होते. हा शोध मी भोजनसमयी जाहीर केला. त्याचा परिणाम एवढाच झाला की, त्या रात्री माझ्या भातावर सायही पडली नाही.

माझ्या लहानपणी असली प्रकरणे उद्भवतच नसत, कारण निवड करावयास काही नव्हते. आमचे जुने घर पाच खणांचे, दगडमातीच्या दोन दोन हात जाड भिंतींचे आणि माळवदाचे. आतल्या भिंती आई पांढऱ्या मातीने सारवी. ढेलजेला आणि बैठकीला तेवढा वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, चुना. अंगणात एका फुटक्या रांजणात कळीचे खडे टाकून त्यांवर पाणी ओतले की, ज्यास कोणी चूल लावली नाही असे ते पाणी आपोआप खदखदू लागे, आणि आम्हां पोरांना तेथून हाकलण्यासाठी एक माणूस स्वतंत्र तैनात असे. विरलेला चुना फडक्याने गाळावयाचा, त्यात डिंकाचे पाणी घालावयाचे, आणि अखेरीस आई एका चिंधीत निळीची पूड बांधून ती पुरचुंडी त्यात दोन वेळा, मोजून दोनच वेळा, बुडवून काढी. पांढऱ्या रंगात निळा कशाला, असे मी एकदा विचारले होते. ‘त्याशिवाय पांढरा पांढरा दिसत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पिवळटपणाला निळा झाकतो हे प्रकाशशास्त्रातले तत्त्व मला पुढे शाळेतल्या पुस्तकात भेटले तेव्हा, हे तर आमच्या घरच्या चिंधीत बांधलेले होते, असे वाटून मला त्या पुस्तकाविषयी विशेष आदर राहिला नाही.

ते घर आता पुरते राहिलेले नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले असताना, लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या बाजूस धरणी हलली, आणि ज्या जाड भिंतींच्या व माळवदाच्या गारव्याची आम्ही मराठवाड्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तारीफ करीत आलो त्याच भिंती व तीच माळवदे हजारो माणसांवर कोसळली. त्यानंतर आमच्याकडे कोणी माळवदाखाली निजले तरी डोळे मिटण्यापूर्वी एकदा वर पाही. आम्हीही पुढे तीन खण पाडून विटा-सिमेंटचे, स्लॅबचे घर बांधले. मागचे दोन खण, माळवद उतरवून आणि वर पत्रे टाकून, आईच्या हट्टामुळे तसेच राहिले, आणि आई त्यांतच राहिली. तेव्हा ज्या भिंतींविषयी हा वाद चालला होता त्या पुढच्या नव्या घराच्या होत्या. मागच्या दोन खणांना या दाव्यात कोणी पक्षकारही केले नव्हते.

आता पंचनाम्याचा भाग. रंगविण्यापूर्वी बैठकीच्या भिंतीवर दोन्ही रंगांचे हात-दीड हाताचे दोन चौकोन काढून पाहावेत, असे ठरले. ज्ञानेश्वरांनी निर्जीव भिंत चालविली अशी कथा आहे. आमच्याकडे भिंत जागीच उभी राहिली आणि तिने आम्हां सर्वांना चालविले. सकाळी आठ वाजता, पूर्वेच्या खिडकीतून ऊन येई तेव्हा, दोन्ही चौकोन साय दिसत. दुपारी बाराला, ऊन अंगणातील फरशीवर आपटून वर येई तेव्हा, साय तांबूस होई आणि राख पांढरी. सायंकाळी साडेपाचला समोरच्या घराच्या हिरव्या भिंतीवरून जो उजेड आमच्या दारात शिरे त्यात दोन्ही चौकोनांना आजारी माणसाच्या चेहऱ्याची कळा येई, आणि दोन्ही पक्ष ‘तुझ्याच रंगाकडे बघ’ असे एकमेकांस सांगत. त्यात आणखी भर म्हणजे रंग ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर काकणभर गडद होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी घेतलेले जबाब दुसऱ्या दिवशी सर्वच्या सर्व रद्द करावे लागले. रात्रीचे दिवे लागले की प्रकरण अधिकच गुंतागुंतीचे. दिव्याच्या खोक्यावर, पिवळसर असेल तर 2700 आणि शुभ्र असेल तर 6500, असा एक केल्विन नामक मापाचा आकडा छापलेला असतो. आमच्या बैठकीत काटकसरीच्या धोरणामुळे दोन्ही जातींचा एकेक दिवा आहे, आणि त्यामुळे एकाच भिंतीच्या उत्तर टोकास राखेची साय व दक्षिण टोकास सायीची राख होते, हे मी स्वतः टॉवेल खांद्यावर टाकून, मध्यरात्री, दोन वेळा खात्री करून लिहिले आहे. वीज गेल्यावर मात्र दोन्ही रंग पूर्णतः एकरूप झाले. पंचनाम्यात ज्यावर सर्व पंचांच्या सह्या आहेत असे ते एकच कलम.

साक्षीदारही पुष्कळ तपासले. शेजारचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांनी चष्मा लावून आणि काढून अशा दोन्ही रीतींनी पाहिले, आणि रंगांत आपणास भेद दिसत नाही परंतु उजव्या चौकोनाची खालची रेघ वाकडी आहे, असा जबाब दिला. लातूरचे आमचे एक साडू आले. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीच्या टाक्यांत भरून आणलेले पाणी ज्यांच्या शहराने प्यायले त्यांची दृष्टी या बाबतीत निराळी असावयाचीच, त्यांनी रंगाकडे न पाहता फक्त ‘ह्यात पाणी किती घालावं लागतं?’ एवढे विचारले, आणि आकडा ऐकून दीर्घ श्वास सोडला. सर्वांत कठीण अवस्था सूनबाईंची झाली. ‘मला दोन्ही चालतील’ असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून सासूबाई त्यांना नवऱ्याच्या पक्षाची व नवरा त्यांना सासूच्या पक्षाची समजू लागला. कंधारच्या तटावर उभे राहणे म्हणजे काय असते याचा अर्थ त्या लातूरच्या मुलीस माझ्यापेक्षा लवकर कळला.

अखेर मी एक तडजोड घडवून आणली. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामाचे हैदराबाद आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला होता, आणि आमचे कंधार त्या वेळी निजामाच्या मुलखात असल्यामुळे त्याचा मान आमच्याकडे अजून आहे. त्याच धर्तीवर, दोन्ही पक्षांनी एक आठवडाभर भिंतीकडे पाहू नये, पाहिल्यास बोलू नये, आणि बोलल्यास निदान जेवताना बोलू नये, असा मसुदा मी तयार केला. मूळ करार एक वर्षाचा असून साडेनऊ महिन्यांत, सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईने, निकालात निघाला. माझ्या कराराने एवढीही मजल मारली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सायीच्या चौकोनावर, कोणाच्या हातून ते अद्याप शाबीत झालेले नाही, हळदीचे एक बोट उमटलेले आढळले.

इतके झाल्यावर रंगाऱ्याचे मत घ्यावे असे कोणास तरी सुचले. आमचा रंगारी हा गावात सर्वांचा मामू. चाळीस वर्षे त्याने कंधारच्या भिंती रंगविल्या, आणि त्या चाळीस वर्षांत त्याच्या सदऱ्यावर गावाच्या अभिरुचीचा संपूर्ण इतिहास थेंबाथेंबाने लिहिला गेला. खांद्यावर आकाशी, पोटावर पिस्ता, बाहीवर मोरपंखी, आणि सर्वांत वर, अगदी ताजे, हे असले नाव नसलेले पांढरे. त्याने दोन्ही चौकोनांवरून तळहात फिरविला, नखाने एक पापुद्रा काढून पाहिला, आणि सांगितले, ‘दोनों एकीच हैं, साब.’ दोन्ही पक्ष एकदम त्याच्यावर उसळले. त्या क्षणी प्रथमच ते एका बाजूस आले, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. परंतु मामूने त्यांचे ऐकून घेतले आणि दोन्ही डब्यांची झाकणे माझ्या हाती दिली. हल्ली दुकानात यंत्र असते. पांढरा रंग डब्यात भरून आलेलाच असतो, आणि गिऱ्हाइकाने मागितलेली छटा करण्यासाठी यंत्र त्यात दुसऱ्या रंगांच्या धारा मोजून सोडते. कोणती धार किती सोडली त्याची चिठ्ठी झाकणावर चिकटविलेली असते. दोन्ही चिठ्ठ्यांवर नावे तीच तीन होती: काळा, पिवळा आणि तांबडा. सायीत पिवळा थोडा अधिक, राखेत काळा थोडा अधिक. अधिक म्हणजे किती, तर डोळ्यांत औषध घालतो तितका. काजळी, पिवडी आणि गेरू! ज्या वस्तू माझ्या आईने चुलीवरून, बाजारातून आणि तुळशीच्या कट्ट्यावरून आयुष्यभर हाताळल्या त्यांचेच तीन थेंब इकडेतिकडे करून त्यांनी शंभर कौरव उत्पन्न केले होते. मी दोन्ही चिठ्ठ्या काढून मिसलीस जोडल्या. कागदोपत्री इतका भक्कम पुरावा मला नोकरीतही कधी मिळाला नव्हता, आणि पुरावा भक्कम असला म्हणजे पक्षकार नमतोच असे नाही, हे मात्र नोकरीत पुष्कळ वेळा पाहिले होते.

या दिवसांत माझे वाचनही चालू होते. पॅरिस शहरात गोबेलँ नावाचा गालिचे विणण्याचा जुना सरकारी कारखाना आहे. 1824 साली तेथील रंगखात्यावर शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. त्याच्याकडे तक्रार आली की, खात्यातला काळा रंग फिका आहे, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेत त्याचा दम उरत नाही. या गृहस्थाने, आपल्याकडील कोणत्याही खात्याच्या प्रमुखास न साजेशा रीतीने, तक्रार खरी मानून तपास केला, आणि त्यास आढळले की काळ्यात खोट नाही, खोट शेजाऱ्यात आहे. काळ्याच्या शेजारी निळा आला की तोच काळा केविलवाणा दिसतो. कोणताही रंग आपण एकटा पाहत नाही, त्याच्या शेजाऱ्यासकट पाहतो, हा सिद्धान्त त्याने 1839 साली एका भल्या मोठ्या ग्रंथात मांडला, आणि तो 102 वर्षे जगला. मला हे वाचून आमच्या भाई केशवराव धोंडग्यांची आठवण झाली. शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखाली त्यांनी कंधारची आमदारकी अनेक वेळा आणि 1977 नंतर नांदेडची खासदारकीही केली, विधानसभा हलवून सोडली, आणि तेही वयाची शंभरी पूर्ण करून 2023 च्या पहिल्याच दिवशी गेले. एकाने सांगितले की रंग शेजाऱ्यावर ठरतो; दुसऱ्याने शेजारी कोण बसला आहे याची फिकीर न करता आपला रंग मिरविला. मते परस्परविरुद्ध असली तरी दोघांनाही मते होती, आणि आयुष्य वाढते ते त्यानेच, असा माझा तर्क आहे. ‘मला दोन्ही चालतील’ म्हणणारा मनुष्य शंभर वर्षे जगल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शेवटी फैसला मलाच द्यावा लागला, आणि तो मी दप्तराच्या उत्तम परंपरेस अनुसरून दिला, म्हणजे दोन्ही पक्षांना निम्मा निम्मा दिला. बैठक आणि चिरंजीवांची खोली राखेस. स्वयंपाकघर, देवघर आणि आमची खोली सायीस. मधल्या बोळाविषयी दोन्हीकडून पुन्हा अर्ज येतील हे जाणून तो सूनबाईंच्या मर्जीवर सोडला, आणि त्यांनी तेथे पुस्तकांचे उंच कपाट लावून भिंतच नाहीशी केली. मामूने आठ दिवसांत काम उरकले. घर शांत झाले. सौभाग्यवती देवघरातून बैठकीत येत तेव्हा ‘बरी दिसते तशी राख’ म्हणत, आणि चिरंजीव स्वयंपाकघरात पाणी प्यावयास जात तेव्हा ‘सायही वाईट नाही’ असे कबूल करीत. मी मिसलीवर ‘निकाली’ असा शेरा मारावयास लेखणी उचलली होती.

त्याच वेळी मागच्या खणांतून आईने विचारले, ‘अन्‌ माझी खोली?’

मामूने जाऊन भिंतीवर थाप मारली आणि मान हलविली. दगडमातीची भिंत ओल ओढते आणि सोडते, तिच्यावर हा प्लास्टिकचा रंग लावला तर वर्षभरात पापुद्रे धरील. अशा भिंतीला चुनाच पाहिजे, असे त्याचे म्हणणे पडले. आईला तेच हवे होते. कळीचे खडे दोन बाजार फिरून मिळाले, रांजणाच्या जागी प्लास्टिकची टाकी नको म्हणून एक जुनी लोखंडी बादली निघाली, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची माझी आई अंगणात खुर्ची टाकून बसली. चुना खदखदू लागला तसे चिरंजीवांचे चिरंजीव बादलीकडे धावले आणि त्यांना मागे ओढण्याच्या कामावर या वेळी मी तैनात झालो. नीळ आणली, मामू ती सरळ बादलीत टाकणार तो आईने त्याचा हात धरला, पदराची चिंधी फाडून दिली, आणि पुरचुंडी दोनदा बुडली की ‘बास’ म्हणाली. केकताडाचा कुंचा फिरू लागला तेव्हा भिंतीवर काहीच दिसेना. ओला चुना पाण्यासारखा असतो, मागची जुनी भिंत जशीच्या तशी दिसत राहते. आणि सूनबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, ‘बाबा, मामूंनी आपल्याला चुना तर लावला नाही ना?’ मी म्हणालो, ‘लावला, पण सांगून लावला, हे प्रथमच.’

दुसऱ्या दिवशी सकाळी चुना वाळला. हवेतला वायू पिऊन तो पुन्हा दगड होतो, आणि दगड होता होता पांढरा होतो, हे मी पुस्तकात वाचले आहे. पण वाचणे वेगळे आणि दार उघडून पाहणे वेगळे. त्या दोन खणांत जणू कोणी चांदणे दिवसा विसरून गेले होते. सौभाग्यवती आईला चहा देण्यास गेल्या, उंबऱ्यावर थबकल्या, आत पाहिले, मागे वळून आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिले, आणि कप तसाच हातात धरून मला म्हणाल्या, ‘अहो, आपली साय जरा पिवळीच झालीय का?’ दहा मिनिटांनी चिरंजीव त्याच उंबऱ्यावर उभे होते, आणि बैठकीकडे असे पाहत होते की जणू तिच्या भिंतींना कोणी ओला हात पुसला असावा. पॅरिसच्या त्या 102 वर्षांच्या म्हाताऱ्याचा सिद्धान्त माझ्या घरात, दोन रुपयांच्या निळीने, एका सकाळीत सिद्ध झाला होता. तटस्थ रंग तटस्थ असतो तो खरा पांढरा शेजारी येईपर्यंत. तो आला की त्याला आपली बाजू सांगावीच लागते, आणि सांगितली की कळते, आपण इतके दिवस ज्याला तटस्थपणा म्हणत होतो तो मळकटपणा होता. माणसांच्या बाबतीतही हे खरे असावे, पण तो माझ्या मिसलीचा विषय नव्हे.

घराची शांतता टिकावी म्हणून मी एक साधी तजवीज केली. आईच्या खोलीचे आणि पुढच्या घराचे मधले दार लोटून घेतले, म्हणजे दोन शेजाऱ्यांची दृष्टादृष्ट होऊ नये. कडी लागते न लागते तोच आतून आवाज आला.

‘दार कशाला लावायलास रे लेकरा? भिंतीची भिंतीला दिष्ट लागायली का?’

दार उघडले. ते तेव्हापासून उघडेच आहे. मिसलीवर मी ‘निकाली’ ऐवजी ‘पुढील दसऱ्यापर्यंत तहकूब’ असा शेरा लिहिला, आणि ती बांधून ज्या फळीवर ठेवली त्या फळीमागच्या भिंतीचा रंग कोणता आहे, हे मी अजून कोणाला विचारलेले नाही.